संभाषण नाही, नुसती नोंद: कॉल रेकॉर्डवरून नात्यांचा नकाशा कसा निघतो आणि कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोलणं कुणी ऐकलेलं नाही, कोणी कोणाला कधी आणि किती वेळ फोन केला एवढीच नोंद हातात आहे. तेवढ्यावरून माणसांची नाती खरंच कळतात का? कळत असतील तर ते कसं करतात, आणि मग खासगीपणाचं काय उरतं?

कळतात, आणि बऱ्याचदा संभाषण ऐकून कळतील त्याहून लवकर कळतात. पण ज्या कारणामुळे हा नकाशा इतका बोलका असतो, त्याच कारणामुळे तो भलत्या माणसाकडे बोट दाखवतो आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही आत ओढतो. म्हणून आधी तो बनतो कसा ते पाहू.

मोबाइल कंपनीकडे प्रत्येक कॉलची एक ओळ तयार होते. तिला कॉल डिटेल रेकॉर्ड, बोलण्यात सीडीआर म्हणतात. ही ओळ मुळात बिल काढण्यासाठी ठेवली जायची. तिच्यात फोन करणाऱ्याचा नंबर असतो (ए पार्टी), समोरचा नंबर (बी पार्टी), तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, सेकंदांत मोजलेला कालावधी, कॉल आलेला की गेलेला की एसएमएस, कॉल लागला तेव्हाचा सेल आयडी (टॉवरच्या ज्या भागातून जोडणी झाली त्याचा क्रमांक), संपला तेव्हाचा सेल आयडी, हँडसेटचा आयएमईआय (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) आणि सिमचा आयएमएसआय (ग्राहकाचा नेटवर्कमधला ओळख क्रमांक). समजा एका ओळीत आहे: २१:४७:०९, गेलेला कॉल, ३१२ सेकंद, सुरुवातीचा सेल एक आणि शेवटचा वेगळा. म्हणजे रात्री पावणेदहानंतर पाच मिनिटं बारा सेकंद बोलणं झालं आणि बोलणारा बहुधा वाटेत होता. यातलं ‘बहुधा’ सोडू नये. एका जागी बसलेल्या माणसाचा फोनही गर्दी वाढली की शेजारच्या सेलवर जातो. एकाच टॉवरच्या तीन बाजूंना तीन वेगळे सेल असतात आणि त्यांच्या सीमेवर राहणाऱ्याचा सेल दिवसभर बदलत राहतो. शहरात एका सेलचा आवाका काहीशे मीटर, मोकळ्या माळावर कित्येक किलोमीटर. जुन्या जीएसएममध्ये (दुसऱ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यात) तो ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. सेल आयडी म्हणजे माणसाचा पत्ता नव्हे.

अशी एक ओळ फारसं काही सांगत नाही. सहा महिन्यांच्या ओळी सांगतात. पण त्या बोलू लागण्याआधी साफसफाई करावी लागते, आणि बहुतेक चुका इथेच होतात, कारण हे काम कंटाळवाणं असतं आणि नकाशा बघायची घाई झालेली असते.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे फाइल एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल आकड्यातले फक्त १५ अर्थपूर्ण अंक सांभाळतं. १९-२० अंकी सिम क्रमांकाचे शेवटचे अंक त्यामुळे शून्य होतात. १५ अंकी आयएमईआय ३.५६ई+१४ असा दिसू लागतो आणि ती फाइल सीएसव्ही म्हणून पुन्हा सेव्ह केली की तसाच लिहिला जातो. मूळ नंबर गेला तो गेलाच. नंबरापुढचं शून्य उडतं. दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते, तीही फक्त १२ तारखेपर्यंतच्या ओळींत, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. सगळे रकाने मजकूर म्हणून आयात करा आणि मूळ फाइलला हात न लावता तिचा हॅश (फाइलवरून गणिताने निघणारा ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) काढून ठेवा.

मग नंबर एकसारखे करा. एकच माणूस देशाच्या कोडसह, अधिकचिन्हासह, पुढे शून्य लावून आणि काही न लावता, असा चार रूपांत येतो. हे केलं नाही तर नकाशात एका माणसाचे चार तुकडे होतात आणि चारही बिनमहत्त्वाचे वाटतात. ओटीपी पाठवणारी अक्षरी नावं, छोटे सेवाक्रमांक, व्हॉइसमेल, ग्राहकसेवा हे वेगळे काढा. टाकून देऊ नका, बाजूला ठेवा.

आयएमईआयची तुलना करताना पहिले १४ अंकच बघा. पंधरावा अंक तपासणीचा असतो आणि तो हँडसेट नेटवर्कला पाठवतच नाही. त्यामुळे सीडीआरमध्ये तिथे बहुधा शून्य दिसतं. हँडसेटच्या खोक्यावरचा नंबर आणि सीडीआरमधला नंबर शेवटच्या अंकाला जुळत नाही म्हणून ‘हा फोन तो नाही’ असा निष्कर्ष काढणं ही नेहमीची चूक.

दुबार ओळींचं प्रकरण वेगळंच. दोघांचेही रेकॉर्ड एकत्र केले की एकाचा ‘गेलेला’ आणि दुसऱ्याचा ‘आलेला’ हा एकच कॉल दोनदा मोजला जातो. त्यांच्या वेळा तंतोतंत जुळत नाहीत. एक कंपनी रिंग वाजू लागल्यापासून वेळ धरते, दुसरी उचलल्यापासून. घड्याळांतही थोडा फरक असतो. म्हणून कालावधी दोन-तीन सेकंदांच्या आत आणि सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या आत जुळली तर तो एकच कॉल धरावा. फार लांबलेला कॉल काही यंत्रणा तुकड्यांत नोंदवतात; तिथे पहिल्या तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात चिकटून असते. कॉल फॉरवर्ड केला असेल तर पहिल्याने दुसऱ्याला केलेला कॉल आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याला गेलेला कॉल अशा दोन ओळी पडतात, आणि दुसऱ्याने तिसऱ्याला स्वतःहून फोन केला असं वाटतं. एसएमएसचं पाहा: देवनागरीत लिहिलेला संदेश ७० अक्षरांपुढे गेला की ६७-६७ अक्षरांच्या तुकड्यांत जातो. २०० अक्षरांचा एक निरोप म्हणजे तीन तुकडे. रेकॉर्डमध्ये तुकड्यागणिक ओळ पडत असेल तर ओळी नुसत्या मोजणारा त्याला तीन संदेश म्हणेल.

आता नकाशा. प्रत्येक नंबर म्हणजे एक टिंब, आणि दोन नंबरांत संपर्क झाला असेल तर त्यांच्यामध्ये एक रेघ. रेघ किती जाड काढायची हा या कामातला सगळ्यात मोलाचा निर्णय, आणि तो यंत्रावर सोडू नये. नुसती कॉलची संख्या फसवी असते. रस्ता शोधत येणारा माणूस अर्ध्या तासात सात फोन करतो आणि पुन्हा कधीच करत नाही. नुसता कालावधीही फसवा, कारण ग्राहकसेवेच्या रांगेत ४० मिनिटं थांबलेला कॉल सगळ्यात जाड रेघ होऊन बसतो. त्यापेक्षा संपर्क किती वेगवेगळ्या दिवशी झाला, किती वेगवेगळ्या आठवड्यांत झाला, आणि दोन्ही बाजूंनी झाला का, हे बघा. एकाच बाजूने येणारे फोन बहुतेक वेळा विक्री, वसुली किंवा छळ यांचे असतात. ओळखीत कधी ना कधी उलटा फोन येतोच. याला वेळेची जोड द्या. रोज सकाळी दहा ते सहा चालणारी आणि सुट्टीच्या दिवशी थांबणारी रेघ कामाची असते. रात्री उशिरा आणि सुट्टीला चालणारी घरची किंवा जवळच्या माणसाची. शून्य सेकंदांची नोंद काढून टाकू नका. दोन मिस्ड कॉल हाही काही घरांत ‘पोचलो’ असा निरोप असतो.

इथपर्यंत आलं की चित्र काढायचा मोह होतो, आणि चित्र खूप पटणारं असतं. मधोमध एक टिंब, त्याभोवती सगळ्या रेघा. पण तुमच्याकडे रेकॉर्ड कोणाकोणाचे आहेत ते आठवा. पाच नंबरांचे सीडीआर मागवले असतील तर ते पाच जण नकाशाच्या मध्यभागी येणारच, कारण फक्त त्यांच्याच सगळ्या रेघा आपल्याला दिसतात. त्यांनी ज्यांना फोन केले त्या तीनशे जणांचे आपसातले कॉल आपण मागवलेलेच नाहीत. त्या जागी रेघ नाही याचा अर्थ ‘संपर्क नाही’ असा होत नाही. ‘आपण पाहिलं नाही’ एवढाच होतो. ‘अमुक नंबर या टोळीचा केंद्रबिंदू आहे’ हे वाक्य अनेक अहवालांत केवळ या कारणाने येतं. म्हणून ज्यांचा पूर्ण रेकॉर्ड आहे ती टिंबं एका रंगात आणि जी नुसती समोरची बाजू म्हणून आली ती दुसऱ्या रंगात काढा. केंद्रस्थानाचं कुठलंही मोजमाप पहिल्या रंगापुरतंच करा.

पूर्ण जाळं हातात असेल तर मात्र हे तंत्र थक्क करतं. २००८ मध्ये बेल्जियममधल्या एका मोबाइल कंपनीच्या सुमारे २० लाख ग्राहकांच्या कॉलवर गट शोधण्याची एक पद्धत चालवून पाहिली. तीच पुढे लूव्हेन पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. कोण कोणती भाषा बोलतो हे तिला सांगितलेलंच नव्हतं. तरी मोठे गट फ्रेंच बोलणारे आणि डच बोलणारे असे वेगळे पडले. त्याआधी २००७ मध्ये अशाच एका मोठ्या जाळ्याच्या अभ्यासात दिसलं की जाड रेघा गटांच्या आत असतात आणि गटागटांना जोडणाऱ्या रेघा बारीक असतात. जाड रेघा काढून टाकत गेलं तर जाळं हळूहळू आकसतं. बारीक रेघा काढत गेलं तर एका टप्प्याला ते तुटून विखुरतं. याचा कामापुरता अर्थ असा की ‘पाचपेक्षा कमी कॉल असलेल्या रेघा गाळा’ असा सरसकट नियम लावला की दोन गटांना जोडणारा माणूसच गाळला जातो. आणि न गाळाव्यात तर चुकून लागलेले नंबर आत राहतात. यावर सोपा उपाय नाही. दोन्ही प्रकारे नकाशा काढून फरक पडतो तिथे हाताने ओळी वाचाव्या लागतात. लूव्हेन पद्धतीबद्दल आणखी एक सावधगिरी: टिंबं कोणत्या क्रमाने घेतली यावर तिचं उत्तर बदलतं. ती एकदा चालवून गट जाहीर करू नयेत. पन्नास वेळा चालवा, आणि जे दोन नंबर जवळपास प्रत्येक वेळी एकत्र येतात तेवढ्यांनाच एका गटातले म्हणा.

सिम बदललं तरी माणूस ओळखू येतो, तो असा. जुन्या नंबराचे १२ नेहमीचे संपर्क होते, नव्या नंबराचे ११ आहेत आणि त्यांतले ८ समान आहेत. दोन्ही मिळून वेगवेगळे नंबर १२ अधिक ११ वजा ८, म्हणजे १५. आठ भागिले पंधरा, साधारण ०.५३. दोन अनोळखी माणसांत हा आकडा शून्याच्या आसपास असतो. फोन कंपन्या बिल बुडवून नव्या नावाने परत येणाऱ्यांना पकडण्यासाठी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत आल्या आहेत. मात्र मोजताना समान नंबर कोणते आहेत ते बघायलाच हवं. पाच जणांशीच बोलणारा नंबर दोघांकडे निघाला तर त्याला १/५ वजन द्या, ५०,००० जणांशी बोलणारा निघाला तर १/५०,०००. नाहीतर एकाच बँकेचे दोन खातेदार एकमेकांचे साथीदार ठरतात.

हे जे ५०,००० वालं टिंब आहे, त्यानेच सगळा घोळ होतो. एका नंबरापासून निघून ‘त्याच्या संपर्कातले, त्यांच्या संपर्कातले, त्यांच्याही संपर्कातले’ असं टप्प्याटप्प्याने पुढे गेलं आणि प्रत्येकाचे ५० नवे संपर्क धरले, तर पहिल्या टप्प्यात ५० माणसं येतात, दुसऱ्यात २,५००, तिसऱ्यात १,२५,०००. हा झाला साधा गुणाकार. वाटेत एखादा ग्राहकसेवेचा नंबर लागला तर पुढच्याच टप्प्याला निम्मं शहर आत येतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर यंत्रणेकडे देशांतर्गत कॉलच्या नोंदी सरसकट जमा होत होत्या हे जून २०१३ मध्ये तिथे कंत्राटी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांतून जगाला कळलं. तेव्हा तीन टप्प्यांपर्यंत जायची मुभा होती. २०१२ मध्ये सुरुवातीचे नंबर ३०० हून कमी होते असं सरकारने सांगितलं, आणि ऐकायला ते थोडे वाटतात. ३०० ला १,२५,००० ने गुणून पाहा. २०१४ मध्ये तीनचे दोन टप्पे झाले, २०१५ च्या कायद्याने सरसकट साठवण थांबली आणि नोंदी कंपन्यांकडेच राहू लागल्या. तरीही २०१७ या एका वर्षात ४० लक्ष्यांपोटी ५३ कोटींहून जास्त नोंदी, दुबार धरून, सरकारकडे आल्या. मे २०१८ पासून एनएसएला २०१५ नंतर आलेल्या सगळ्या कॉल नोंदी पुसाव्या लागल्या, कारण कंपन्यांकडून आलेल्या काही नोंदी घ्यायचा तिला अधिकारच नव्हता आणि त्या इतर नोंदींतून वेगळ्या काढता येत नव्हत्या. हे सगळं फक्त दोन टप्प्यांवर झालं.

आता ‘बोलणं तर ऐकलं नाही ना’ या मुद्द्याकडे येतो. हा युक्तिवाद जुना आहे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणूस नंबर फिरवतो तेव्हा तो स्वतःच फोन कंपनीला देतो, म्हणून त्यावर खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. तो खटला एका माणसाच्या घरच्या फोनवरून फिरवलेल्या नंबरांचा होता. आज तोच तर्क खिशात चोवीस तास असणाऱ्या यंत्राला लावणं मला चुकीचं वाटतं, आणि पुढे न्यायालयालाही तसं वाटू लागलं: २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात तपासयंत्रणेने एका आरोपीच्या फोनच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ ठिकाणांच्या नोंदी घेतल्या होत्या, आणि त्यासाठी साधारणपणे वॉरंट लागेल असा निकाल आला.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ८२३ स्वयंसेवकांच्या फोननोंदी तपासल्या. अडीच लाखांहून जास्त कॉल, बारा लाखांहून जास्त संदेश, आणि मजकूर एकाचाही नाही. त्यातल्या एकाला हृदयरोग विभागातून लांब कॉल आला, त्याचं प्रयोगशाळेशी थोडकं बोलणं झालं, औषधांच्या दुकानातून छोटे कॉल आले आणि त्याने हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाच्या हेल्पलाइनला फोन केले. आजार कोणता हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आणि तो अंदाज खरा निघाला. संभाषण ऐकायचं तर कुणीतरी बसून ऐकावं लागतं, भाषा यावी लागते, संदर्भ कळावा लागतो. नोंदी यंत्र वाचतं, आणि लाखोंच्या एकदम वाचतं. शिवाय बोलताना माणूस जपून बोलू शकतो. रात्री दोन वाजता आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनला केलेला २० मिनिटांचा कॉल जपून करता येत नाही.

ठिकाणाचं तर विचारूच नका. जर्मनीतले राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या फोन कंपनीकडून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या, ३५,८३० ओळी, आणि २०११ मध्ये त्या नकाशावर मांडून प्रसिद्ध केल्या. कुठे झोपले, कोणत्या गाडीने गेले, कुठल्या सभेला थांबले, सगळं त्यात दिसत होतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बातमीदार आणि त्यांना माहिती देणाऱ्यांची. २०१३ मध्ये उघड झालं की अमेरिकेच्या न्याय विभागाने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या २० हून अधिक फोन लाइनींच्या दोन महिन्यांच्या नोंदी न सांगता घेतल्या होत्या. बातमी कुणी फोडली ते शोधायला संभाषण लागतच नाही. बातमी यायच्या आदल्या आठवड्यात कोणता नंबर पहिल्यांदाच दिसला ते बघितलं की झालं. असं होऊ शकतं एवढं नुसतं कळलं तरी लोक फोन करणं थांबवतात, आणि त्या न झालेल्या कॉलची नोंद कुठेच पडत नाही.

यात शासनच असतं असंही नाही. २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीच्या प्रकरणात खासगी तपासनिसांनी भलतंच नाव सांगून फोन कंपन्यांकडून संचालकांच्या आणि पत्रकारांच्या नोंदी काढल्याचं बाहेर आलं. आणि साठवलेली गोष्ट चोरीला जाते: एटी अँड टी या अमेरिकेतल्या फोन कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की मे ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या जवळपास सर्व मोबाइल ग्राहकांच्या कॉल-संदेशांच्या नोंदी चोरीला गेल्या. नावं त्यात नव्हती. नंबरावरून नाव शोधायला किती वेळ लागतो ते तुम्हीच करून पाहा.

‘नंबर झाकून देऊ, म्हणजे प्रश्न मिटला’ असं अनेक जण म्हणतात. मिटत नाही. नंबराचा साधा हॅश काढून दिला तर दहा अंकी नंबर एकूण असतात फक्त १,००० कोटी, आणि साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. सगळे नंबर हॅश करून उलटी यादी बनवायला फार तर काही मिनिटं. गुप्त किल्ली घालून हॅश करा, किल्ली दुसऱ्याच माणसाकडे ठेवा, काम संपल्यावर नष्ट करा. मग निदान हा दरवाजा बंद होतो. पण जाळ्याचा आकार तसाच राहतो, आणि आकारच ओळख सांगतो. २००९ मध्ये ट्विटर आणि फ्लिकर यांच्या नावं काढलेल्या जाळ्यांची केवळ रचना जुळवून, दोन्हीकडे खाती असलेल्यांपैकी एक तृतीयांश लोक १२ टक्के चुकांसह ओळखता आले. ठिकाणांचं त्याहून वाईट. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या फोननोंदींच्या २०१३ मधल्या अभ्यासात, तासागणिक वेळ आणि टॉवर एवढ्या ढोबळ मापाच्या चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरल्या. घर, कचेरी, एक लग्न, एक प्रवास. एवढं तर शेजाऱ्यालाही ठाऊक असतं.

म्हणून ओळीच्या ओळी बाहेर देऊच नयेत. फक्त बेरजा द्याव्यात, तेही लहान बेरजा गाळून, समजा १० पेक्षा कमी माणसांचा कुठलाच आकडा तक्त्यात नाही. त्यातही दोन तक्त्यांची वजाबाकी करता येते हे विसरू नका: ‘सगळे’ आणि ‘एक गाव सोडून सगळे’ असे दोन तक्ते दिले की त्या गावाचा आकडा आपोआप बाहेर पडतो. साथ पसरताना किंवा पुरानंतर लोक कुठे गेले हे कळायला या नोंदी खरोखर उपयोगी असतात, आणि त्यासाठी कोण कोणाशी बोललं हे लागतही नाही. एका भागातून दुसऱ्या भागात किती फोन सरकले एवढं पुरतं. गरज बेरजेची असेल तर नाती मागूच नयेत.

तपासासाठी नाती लागतातच तेव्हा कामाची शिस्त अशी ठेवावी. मागणीत नंबर, तारखा आणि कारण लिहिलेलं असावं, आणि तारखा घटनेला धरून असाव्यात. ‘गेल्या दोन वर्षांचं सगळं’ ही मागणी परत पाठवावी. दुसऱ्या टप्प्यावर जाताना प्रत्येक नंबरासाठी नवं कारण लिहावं. वकील, डॉक्टर, हेल्पलाइन, वृत्तसंस्था यांचे नंबर तपास करणाऱ्याच्या समोर यायच्या आधी दुसऱ्याच माणसाने झाकावेत. कोणी कोणता नंबर कधी शोधला याची नोंद अशा ठिकाणी राहावी जिथे शोधणाऱ्याचा हात पोचत नाही. याने गैरवापर पूर्ण थांबत नाही, पण मैत्रिणीचा किंवा भाडेकरूचा नंबर सहज टाकून बघणारा थबकतो.

आणि निष्कर्ष लिहिताना आकडेमोड समोर ठेवावी. दहा लाख लोकांत २० जण शोधायचे आहेत आणि पद्धत ९९ टक्के अचूक आहे असं धरा. उरलेल्या एक टक्क्यात साधारण १०,००० निरपराध अडकतात. पद्धतीने बोट दाखवलेल्या पाचशे माणसांत खरा एक. नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो, बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी नव्या ग्राहकाला मिळालेला असू शकतो, आणि इंटरनेटवरून केलेले कॉल या नोंदींत नुसता डेटा म्हणून येतात, कुणाशी बोलणं झालं ते दिसत नाही. ज्यांचं सगळं बोलणं ॲपवर चालतं त्यांचा सीडीआर रिकामा असतो; तो संशयास्पद नसतो. रेघ दिसली की ‘यांचा संबंध आहे’ असं लिहू नये. ‘या दोन नंबरांमध्ये इतक्या दिवशी संपर्क नोंदला गेला’ असं लिहावं.

तुमच्या बाजूने काय करता येईल? थोडंच. ॲपवरून बोललात तर फोन कंपनीला दिसत नाही, पण ॲप कंपनीला दिसू शकतं. म्हणून ती काय साठवते ते महत्त्वाचं. सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशाने माहिती मागितली तेव्हा तिच्याकडे देण्यासारख्या दोनच तारखा होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. ॲप संपर्कयादी मागतं तेव्हा ती देऊ नका. त्या यादीत इतरांचे नंबर असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. संवेदनशील भेटीपुरता फोन बंद केलात तर बंद होण्याची आणि चालू होण्याची जागा दिसते, आणि दोघांचे फोन एकाच तासात बंद झाले तर तेही दिसतं. घरी चालू ठेवून जाणं त्याहून बरं. आपल्याच नोंदी मागायचा हक्क जिथे कायद्याने आहे तिथे एकदा मागून पाहा आणि वर सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या दिवसांच्या हिशेबाने पहिले दहा नंबर काढा. ती यादी वाचून झाली की फाइल पुसा, आणि ती ईमेलने आली असेल तर ईमेलमधलं जोडपत्र आणि डाउनलोडमधली मूळ झिपही पुसा. त्या दोन प्रती हमखास मागे राहतात.